पंपावरची लाल खूण

सहासष्ट सालच्या थंडीत शिरगावातले आम्ही आठ वाडीवाले रोज सकाळी एक ट्रक ढकलायचो. हौस म्हणून नव्हे. त्या ट्रकात आमची पानं असायची. पानवेलीची पानं सकाळी खुडायची, बायकांनी त्यांच्या कवळ्या, म्हणजे मोजून जुड्या, लावायच्या, केळीच्या पानात गुंडाळून करंड्या भरायच्या आणि पालघर स्टेशनावर पार्सलची गाडी यायच्या आत त्या पोचवायच्या. गाडी चुकली की करंड्या दिवसभर फलाटावर पडून राहायच्या. दुसऱ्या दिवशी काळ्या पडलेल्या पानांना कोण विचारतो?

ट्रक ढकलून सुरू करायचा तर जरा उतार लागतो. शिरगावाला उतार म्हणजे वाळूवरून समुद्रात जाणारा तेवढाच. तेव्हा आमचं सगळं काम सपाटीवर, चपला काढून, मागच्या फळीला खांदा लावून. कधी मारुतीच्या देवळापर्यंत ढकलल्यावर इंजिन खोकायचं, कधी किल्ल्याच्या बुरुजापर्यंत जावं लागायचं. सुरू झालं की पांढरा धूर असा यायचा की आम्ही एकमेकांना दिसेनासे व्हायचो. मग घरी येऊन मी बायकोवर डाफरायचो. तिचा काही दोष नव्हता, पण झुंबरवर ओरडून उपयोग नव्हता.

झुंबर म्हणजे त्या ट्रकचा ड्रायव्हर आणि मेकॅनिक, दोन्ही. मूळचा शेवगावकडचा. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा मिळेल ते काम करायला आला आणि एका ठेकेदाराच्या डंपरवर लागला. तिथली नोकरी वर्षभरात सुटली. का सुटली ते तो सांगत नसे. उमरोळी स्टेशनाच्या बाहेर बिऱ्हाडाच्या बोचक्यावर बसलेला असताना त्याला दमयंतीवहिनींनी पाहिलं आणि शिरगावला आणलं, एवढं आम्हाला माहीत होतं. उंच, काटक, कानात भिकबाळीचं भोक पण भिकबाळी नाही. बोलायचा कमी. पण गाडीबद्दल विचारलं की असा बोलायचा, जणू आपण त्याच्या लेकीला नावं ठेवलीत.

दमयंतीवहिनी ट्रकच्या मालकीण. नवरा आत्माराम मुंबईच्या बंदरात नोकरीला, महिन्यातून एकदा घरी. जुना ट्रक त्यानं घेतला खरा, पण त्याचा धंदा उभा केला वहिनींनी. बैलगाड्यांनी पानं नेणाऱ्या आम्हा सगळ्यांना तिनंच पटवलं. बाई मोठी हिशेबी आणि शब्दाची पक्की. एकदा 'नाही' म्हणाली की तिच्या सासऱ्यालाही 'हो' म्हणवता येत नसे. झुंबरला आणि त्याच्या बायकोला, साखरबाईला, तिनं मागची पडवी राहायला दिली. त्यांची पोरगी गावातल्या शाळेत जायला लागली. साखरबाई वहिनींच्या वाडीत पानं लावायला शिकली, आणि आमच्या बायकांपेक्षा तिच्या कवळ्या नीट लागतात हे मला घरी बोलायची सोय नव्हती.

ट्रकची गोष्ट अशी. दसऱ्याच्या आधी त्याचा डिझेलचा पंप बिघडला. तो मुंबईला नेऊन दुरुस्त करून आणायचं ठरलं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. आत हवा दाबली जाते, दाबून तापते, आणि बरोब्बर त्या क्षणी पंपानं डिझेलचा फवारा सोडायचा असतो. पंप बोटभर इकडेतिकडे फिरवून बसवला की तो क्षण हुकला. म्हणून पंप काढायच्या आधी मेकॅनिक खूण करून ठेवतो. कारखान्यातली मूळ खूण आधीच्या कुणा मिस्त्रीनं ठोकून ठोकून चोपडी केलेली होती. झुंबरनं वहिनींच्या फाटकाला आणलेल्या लाल ऑइलपेंटमध्ये काडी बुडवली आणि एक ठिपका पंपाच्या कडेवर, त्याच्यासमोर दुसरा इंजिनावर काढला. परत बसवताना ठिपक्याला ठिपका भिडवायचा, काम झालं.

पंप घेऊन तो खंडेनवमीला सकाळी मुंबईहून आला. रात्रभराचा जागा होता, जेवला आणि झोपला. वहिनींनी त्या दिवशी नेहमीप्रमाणे ओटीवर पाट मांडला. त्यावर कोयता, विळा, तराजू आणि या वर्षी तो पंपही ठेवला. मुंबईवाल्यांनी तो धुऊन, काळा रंग देऊन नव्यासारखा केला होता. तेलकट लोखंडावर कुंकू ठरत नाही, म्हणून तिनं मारुतीच्या देवळातून तेलात कालवलेला शेंदूर आणला. हळद, अक्षता, झेंडूचं फूल वाहिलं आणि पंपाला बोटानं टिळा लावला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर झुंबरनं पंप बसवला. गाडी जरा कुरकुरत, पण सुरू झाली. ऑक्टोबरचं ऊन होतं.

मग थंडी पडली आणि आमचे खांदे कामाला लागले.

झुंबरनं काय काय केलं म्हणून सांगू. नळ्या सोडवून हवा काढली. जाळ्या बदलल्या. टाकी उतरवून धुतली. नोझल पालघरला नेऊन तपासून आणले. बॅटरी बदलायला लावली. मग खाऱ्या हवेला दोष दिला, मग डिझेलला, एकदा तर आम्हालाच म्हणाला की तुम्ही ढकलता त्यात दम नाही. त्या दिवशी माझं आणि त्याचं जुंपलं. मी म्हटलं, झुंबर, गाडी तुझ्या ताब्यात दिली आहे की आमच्या? आधी ती नीट चालत होती, तू पंप बसवलास आणि बिघडली. चूक तुझीच असणार. त्याचा चेहरा एकदम ताठरला. "पंप खुणेवर हाय," एवढंच म्हणाला आणि बॉनेटमध्ये तोंड खुपसून बसला.

दर वेळी तो वहिनींकडे एक दिवस मागायचा. त्या दिवशी ट्रक उभा राहायचा आणि माझ्या दोन बैलगाड्या पुन्हा जुंपायच्या. बैलांना त्याचा आनंद नव्हता आणि मलाही नव्हता. असे चार दिवस त्यानं मागितले, चारही वेळा गाडी होती तशीच. पौषात सलग दोनदा पार्सलची गाडी चुकली. तेव्हा आम्ही वाडीवाले वहिनींच्या ओटीवर गेलो. बोलायचं काम माझ्यावर आलं, कारण माझा आवाज मोठा. मी सांगितलं की पुढच्या सोमवारपासून आम्ही आपापल्या बैलगाड्यांनी माल नेऊ. वहिनींनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या की तशी वेळ येणार नाही, बोईसरचा एक खडीवाला रविवारी ट्रक बघायला येतो आहे.

म्हणजे ट्रक विकायचा. ट्रक गेला की ड्रायव्हर गेला, पडवी गेली, पोरीची शाळा गेली. हे त्या ओटीवर कुणी बोललं नाही. आत चुलीपाशी साखरबाई होती. तिच्या हातातलं भांडं खाली पडलेलं आम्ही ऐकलं.

गुरुवारी सकाळी ट्रक ढकलून झाल्यावर, पालघरहून तो परत आल्यावर, मी वहिनींच्या अंगणात गेलो. खरं सांगायचं तर ओटीवर जे बोलून आलो होतो, ते मला दोन दिवस टोचत होतं. झुंबर बॉनेट उघडून उभा होता. मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला की गाडी परक्याच्या हातात जायची तर निदान पुसलेली जाऊ दे. डिझेलमध्ये बुडवलेलं फडकं घेऊन तो इंजिन पुसत होता. इंजिनावरचा लाल ठिपका पुसला, काजळी गेली, ठिपका लख्ख लाल झाला. मग पंपावरचा ठिपका पुसला. तो फरफटला. पुन्हा पुसला, तेव्हा गेलाच.

फडक्यावर नारिंगी डाग होता. झुंबरनं फडकं नाकाशी नेलं, अंगठ्यानं चोळलं, मग माझ्यासमोर धरलं. डिझेलच्या वासाच्या खाली देवळातल्या गोड्या तेलाचा वास होता.

गोष्ट उघड होती. मुंबईवाल्यांनी पंप धुताना त्याची रंगाची खूण धुऊन टाकली होती. आणि त्यानं तीन महिने देवाचा टिळा खूण समजून जुळवला होता. टिळा खऱ्या जागेपासून बोटभर बाजूला. खूण नसली तरी पंपाची खरी जागा कशी शोधायची ते त्याला माहीत होतं. पंपाचा थेंब बघून टायमिंग लावायची रीत असते, ती त्याला येत होती. दसऱ्याला त्यानं ती केली असती तर चूक तिथेच पकडली गेली असती. पण खूण समोर दिसत होती, मग कशाला वेळ घालवा, असं त्याला वाटलं.

मी त्याला सल्ला दिला, आणि तो दिला हे मी आजही कबूल करतो. म्हटलं, कुणाला सांगू नकोस. आज गुपचूप पंप फिरव, उद्या गाडी चालू झाली की म्हण की कचरा अडकला होता.

तो म्हणाला, थेंब बघायला तीन माणसं आणि अख्खा दिवस लागतो, उद्याच्या पानांची गाडी थांबवावी लागेल. पाचव्यांदा दिवस मागायला गेलो तर बाई कारण विचारणार. आणि मग हळूच, फडक्याची घडी घालत घालत, त्यानं तारापूरची गोष्ट सांगितली. डंपरचं ऑइल बदलताना खालचा नट त्यानं सैल ठेवला होता. ऑइल गळून इंजिन जाम झालं. कुणी पाहिलं नव्हतं. तरी तो मुकादमाकडे जाऊन म्हणाला, चूक माझी. मुकादमानं शाबासकी दिली नाही की ओरडलाही नाही. दुपारच्या आत त्याचं बोचकं फाटकाबाहेर होतं. "साखर त्या दिवशी रडली न्हाई," तो म्हणाला. "मला म्हनली, खरं बोलायचं तर आधी बिऱ्हाड कुठं न्यायचं ते ठरवून बोलत जा."

मला तेव्हा कळलं की खारी हवा आणि आमचा दम यांना तो दोष का देत होता. माझी मान खाली गेली.

वहिनी वाडीतून आल्या तेव्हा तो पायरीखाली उभा राहिला. मी मागे, कारण पळून जायला लाज वाटली. त्यानं सुरुवातीपासून सांगितलं. खूण धुतली गेली, मी तपासलं नाही, रंग बघून पंप बसवला. तुमच्या पानांची नासाडी झाली ती माझ्यामुळं. शेंदराचं नाव त्यानं घेतलं नाही. म्हणाला, "दुसराच कसलातरी डाग व्हता, म्या त्योच खूण धरला." मग फोडणीचा दाखला दिला. तेल तापलं की लगेच मोहरी टाकली तर तडतडते, निवायला लागल्यावर टाकली तर नुसती पडून राहते. आपल्या गाडीत डिझेल तसं उशिरा पडतंय. ढकलून ढकलून तेल तापवावं लागतंय.

"उद्याचा एक दिवस द्या," तो म्हणाला. "मंग काढून टाकलं तरी चालंल."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर त्याच्या हातातल्या फडक्यावर गेली. त्यांनी हात पुढे केला, फडकं घेतलं, आणि त्यांनीही ते नाकाशी नेलं. ज्या बाईनं आयुष्यभर दर शनिवारी मारुतीला तेल घातलं, तिला तो वास काय सांगायला हवा?

"हे माझं बोट हाय," त्या म्हणाल्या.

झुंबर घाईनं म्हणाला की बोट कुणाचं का असेना, तपासायचं काम ड्रायव्हरचं.

"ते तुमचंच. त्यात मी भागी नाय." वहिनी फडकं झटकत म्हणाल्या. "पन चार येळा दिवस मागितलेत, तवा मी दिले ना? ह्या येळी पयल्यांदा खरं कारन घेऊन आलात. उद्या मीपन हाय तुमच्यासंगती. काय करायचं ते सांगा."

शुक्रवारी माझ्या बैलगाड्या पानं घेऊन गेल्या आणि मी अंगणात राहिलो. झुंबरनं पंपाची पहिली नळी काढून तिथे हंसाच्या मानेसारखी वाकडी, आखूड नळी बसवली. तो हातपंपानं डिझेल दाबत राहणार, नळीतून थेंब पडत राहणार. मी पुढून लांब पान्यानं इंजिन हळूहळू फिरवायचं. ज्या क्षणी थेंब थांबेल, त्या क्षणी पंप फवारा मारायला तयार झाला. तेव्हा इंजिनाच्या पुढच्या चाकावरची रेघ काट्यासमोर असली पाहिजे. थेंबावर नजर ठेवायचं काम वहिनींनी घेतलं. पितळी वाटी धरून त्या बॉनेटवर वाकल्या, पदर कमरेला खोचून.

"थांबला," त्या म्हणाल्या. झुंबरनं वाकून पाहिलं. रेघ काट्याच्या पुढे दोन बोटं निघून गेली होती. थेंब तेवढा उशिरा थांबत होता. त्यानं पंपाचे नट सैल केले, पंप अगदी थोडा इंजिनाकडे फिरवला, आवळला. पुन्हा फिरवा. इंजिन उलटं फिरवायचं नसतं, रेघ पुढे गेली की पुन्हा पूर्ण दोन फेरे. अशा फेऱ्या मी किती मारल्या ते मोजायला गेलो आणि बोटं मोजायला माझा हातच वर येईना. साखरबाईनं मध्येच भाकरी आणून दिली. मी ती डाव्या हातानं खाल्ली.

तीनच्या सुमाराला वहिनी म्हणाल्या, "थांबला." झुंबर वाकला आणि वाकलेलाच राहिला. रेघ काट्यासमोर होती. त्यानं मला आणखी तीनदा फिरवायला लावलं आणि तिन्ही वेळा ती तिथेच आली. मग त्यानं छिन्नी घेतली आणि पंपावरून इंजिनावर एक सरळ घाव घातला. रंग नाही, काही नाही, लोखंडात कोरलेली रेघ. म्हणाला, आता ही धुऊन जायची नाही.

गाडी त्यानं लगेच सुरू केली नाही. दुपारच्या उन्हात तर कुठलीही गाडी सुरू होते, म्हणाला. परीक्षा थंडीत.

शनिवारी सकाळी आम्ही आठहीजण आलो. धुकं होतं आणि अंगणातल्या करंड्यांवर दव पडलं होतं. ट्रक भरला. नेहमीप्रमाणे आम्ही चपला काढल्या, मागच्या फळीला हात लावले आणि पाय रोवले. झुंबर वर चढला. वहिनी ओटीवर उभ्या होत्या, साखरबाई पडवीच्या दारात, पोरगी तिच्या मागे शाळेचं दप्तर घेऊन. मी जीव खाऊन ढकलायला सुरुवात केली आणि त्याच वेळी सेल्फ फिरला. एक झटका, आणि इंजिन लागलं. धूर आला तो थोडासा, करडा, आणि लगेच विरला. ट्रक आमच्या हातांतून पुढे निघून गेला. बाकीचे सात शहाणे होते, ते उभे राहिले. मी तोंडावर वाळूत पडलो.

मी इतक्या आनंदानं कधी पडलो नव्हतो. वाळू थुंकत उठलो तेव्हा झुंबर खिडकीतून मागे बघत होता आणि हसत होता. दीड वर्षात त्याचे दात मला पहिल्यांदा दिसले. त्या दिवशी पार्सलची गाडी यायच्या कितीतरी आधी आमच्या करंड्या फलाटावर होत्या.

रविवारी बोईसरचा खडीवाला आला. वहिनींनी त्याला चहा दिला, ओल्या खोबऱ्याची वडी दिली आणि ट्रक विकायचा नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, चालवून तर बघू द्या. वहिनी म्हणाल्या, बघायचं असेल तर रोज सकाळी आमच्या अंगणात या आणि बघा. तो रागावून गेला. जाताना त्याच्या गाडीला धक्का मारावा लागला आणि आम्हाला त्याची सवय होतीच.

तो ट्रक पुढे बरीच वर्षं चालला आणि झुंबर त्याच्यावरच राहिला. त्यानं पुढे गावात गॅरेज काढलं. पालघर, बोईसर, केळव्यापासून लोक त्याच्याकडे गाड्या आणायचे. दुरुस्ती चुकली तर तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा, माझ्या हातानं चुकलं. काही गिऱ्हाइकं त्यामुळे परत आली नाहीत. बाकीची त्यामुळेच येत राहिली.

पण मला आठवते ती पुढच्या वर्षीची खंडेनवमी. वहिनी ताट घेऊन ट्रकपाशी आल्या. झुंबरनं बॉनेट उघडून धरलं होतं, झेंडूची माळ बाजूला केली होती. वहिनींनी बोट शेंदरात बुडवलं आणि हात पंपाकडे नेला. मग थांबल्या. कोरलेली रेघ त्यांनी नीट पाहिली. तिला धक्का न लावता मागे वळल्या आणि झुंबरच्या कपाळावर टिळा लावला.

"हा पुसला गेला तरी गाडी सुरू व्हईल," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी वाडीच्या विहिरीवर सगळे हातपाय धुवायला आले, तेव्हा झुंबरनं तोंड धुतलं, मान धुतली, कान धुतले. कपाळ तेवढं कोरडं ठेवलं.